लोंढ्याच्या रुळांवरची लाल धूळ: बेळगावहून संडूरला दोन दिवस

लोंढ्यात रुळांच्या कडेला ज्यांचं घर होतं, त्यांना पांढरे कपडे वाळत घालायची वेळ ठरवावी लागायची. मालगाडी यायच्या आत कपडे काढायचे. गाडी निघून गेली की दारातल्या तुळशीच्या पानांवरसुद्धा गेरू शिंपडल्यासारखा थर. आजी त्याला ‘होस्पेटची माती’ म्हणायची. ती माती होस्पेटची नव्हे, होस्पेटच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर डोंगरांच्या कड्यात बसलेल्या संडूरची, हे मला पंचविशीत कळलं आणि तिथं जायला आणखी दहा वर्षं लागली. त्यानंतर तीनदा जाऊन आलो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणाला जायचं असेल तर काय करावं आणि काय टाळावं, ते इथं लिहितो.

आधी एक गैरसमज काढू. संडूर म्हणजे महाबळेश्वर नाही, आंबोलीही नाही. थंड हवेसाठी बेळगावच्या माणसानं तिकडं जाऊ नये, कारण गाव आपल्या बेळगावपेक्षा खालीच आहे. जायचं ते तीन गोष्टींसाठी: चारी बाजूंनी डोंगर असलेली ती विलक्षण खोरं-वस्ती, घोरपड्यांच्या मराठी संस्थानाच्या खुणा, आणि शंभरेक वर्षं खणून बदललेला डोंगर डोळ्यांनी पाहायला. खाणी संपलेल्या नाहीत, काही आजही चालू आहेत. पण ज्या काळात सगळं संडूर ट्रकांखाली दबलं होतं, तो काळ मागे पडलाय आणि गावात पुन्हा संध्याकाळी पाखरांचा आवाज ऐकू येतो.

कधी जायचं

मार्च ते मे हे तीन महिने विसरा. बळ्ळारी जिल्ह्याचा उन्हाळा चाळिशी गाठतो आणि लोखंडाचा डोंगर तापला की रात्रीसुद्धा ऊब सोडत राहतो. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये गेलो होतो. दुपारी बारा ते चार लॉजच्या खोलीत पंख्याकडं बघत पडण्यापलीकडं काही झालं नाही.

पाऊस सुरू झाला की महिन्याभरात डोंगर हिरवे होतात. ऑगस्टचा शेवट ते नोव्हेंबर हा खरा मोसम. १९३४ साली हरिजन दौऱ्यात गांधीजी इथं आले होते, तेव्हापासून ‘संडूर बघायचं तर सप्टेंबरात’ हे वाक्य त्यांच्या नावावर गावात सांगतात. सप्टेंबरात लाल जमीन आणि त्यावरचं हिरवं यांचा जो रंग जमतो, तो खानापूरच्या जंगलातही दिसत नाही. आपल्याकडं हिरवं खूप, पण खालचं लाल त्यात झाकून जातं. डिसेंबर-जानेवारीही चालेल, फक्त गवत तोवर पिवळं पडलेलं असतं.

शनिवार-रविवार शक्यतो टाळा. संडूरला गर्दी नसते, पण होस्पेटला हंपीची असते आणि तिथं राहायचं ठरवलंत तर खोली शोधताना तीच आडवी येते.

कसं पोचायचं

रेल्वेनं जायचं तर कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया एक्स्प्रेस ही आपली गाडी. बेळगावातून दुपारी निघते, लोंढा, धारवाड, हुबळी, गदग, कोप्पळ करत रात्री होस्पेटला सोडते. परतताना तीच गाडी सकाळी होस्पेटला येते आणि दुपारपर्यंत बेळगावात आणते. वेळा बदलत असतात, त्या तिकीट काढताना बघा. खानापूर-लोंढा भागातल्यांना वास्कोहून येणारी अमरावती एक्स्प्रेसही लोंढ्याला मिळते, पण ती रोजची नाही.

या प्रवासात लोंढ्यानंतर खिडकी सोडू नका. तुम्ही जाता तो मार्गच या सगळ्याचा कणा आहे. संडूरच्या खाणींतलं मँगनीज आणि लोखंड होस्पेट, हुबळी, लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरून मुरगावच्या बंदरात जायचं. त्यासाठी होस्पेटपासून स्वामीहळ्ळीपर्यंत खास फाटा टाकलेला होता. नव्वदच्या दशकापर्यंत हे सगळं मीटरगेजवर चालायचं. आता उलट दिशेनं मुरगावहून कोळशाचे डबे तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडं चढतात. म्हणजे आमच्या लोंढ्याच्या दोरीवर पूर्वी लाल बसायचं, आता काळं बसतं.

स्वतःची गाडी असेल तर धारवाड-हुबळीपर्यंत पुणे-बंगळूर महामार्ग आणि तिथून गदग, कोप्पळवरून होस्पेट. बेळगावपासून होस्पेट साधारण २६० किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर गदगला नाष्टा करून दुपारच्या जेवणाला होस्पेट गाठता येतं. नाष्टा गदगलाच का, तर तिथं मिरची भजी आणि गिरमिट सकाळीच गरम मिळतात. होस्पेट ते संडूर हे शेवटचे तीसेक किलोमीटर मात्र तासाचे धरा. वळणं आहेत, अवजड गाड्या आहेत, आणि टिप्परला ओलांडायची घाई करण्यासारखी ती जागा नाही.

एसटीनं जाणाऱ्यांनी हुबळीला गाडी बदलावी, मग होस्पेटला. होस्पेटहून संडूरच्या बसेस दिवसभर असतात. ज्या बायकांच्या आधारकार्डावर कर्नाटकातला पत्ता आहे, त्यांना जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, तेव्हा कार्ड हाताशी ठेवा. आमच्याबरोबर चंदगडची, म्हणजे महाराष्ट्रातली, मावशी होती. तिनं कार्ड मोठ्या ऐटीत दाखवलं, कंडक्टरनं पत्ता वाचला, हसला आणि तिकीट फाडलं. सीमेचा प्रश्न तिला त्या दिवशी पुरता समजला म्हणे.

राहायचं कुठं

तीन पर्याय. होस्पेटला भरपूर लॉज आणि हॉटेलं आहेत, पण मग सकाळचा संडूरचा गारवा हुकतो. संडूर गावात साधी लॉज आहेत; खोली आधी बघून मगच पैसे द्या, विशेषतः खिडकी रस्त्यावर उघडते का ते बघा. तिसरा पर्याय शिवविलास राजवाड्याचा. घोरपड्यांचा हा वाडा आता हॉटेल म्हणून चालतो आणि दर अर्थातच राजवाड्याचे. मी तिथं राहिलेलो नाही. माझ्या मतानं दोन्ही रात्री संडूरच्या साध्या लॉजवर काढाव्यात. पहाटे पाचला उठून गच्चीवर गेलात की चारी बाजूंचे डोंगर काळ्या काठासारखे दिसतात आणि मधल्या खोऱ्यात धुकं साचलेलं असतं. त्या अर्ध्या तासासाठीच तिथं राहायचं.

पहिला दिवस: गाव आणि संस्थान

संडूरचं खोरं दोन जवळजवळ समांतर डोंगररांगांच्या मध्ये आहे आणि नारीहळ्ळ नावाची लहान नदी त्यातून वाहते. नदीनं डोंगर कापून केलेल्या खिंडींना इथं ‘गंडी’ म्हणतात. भीमगंडी आणि ओबळगंडी ही नावं तुम्हाला ऐकू येतील. पूर्वी अशा गंडी अडवल्या की खोरं बंद. हे समजलं की इथं संस्थान का टिकलं तेही समजतं. पहिल्या दुपारी नारीहळ्ळच्या धरणावर जा. तारानगरचं धरण म्हणून विचारा, लगेच सांगतात. पाण्याच्या पलीकडं डोंगराची भिंत सरळ उभी दिसते.

आता आपल्या लोकांसाठी थोडा इतिहास. जुन्या मराठी कागदांत या गावाला ‘सोंडूर’ म्हणतात. सेनापती संताजी घोरपड्यांच्या भाऊबंदांपैकी सिद्धोजींनी १७२८ च्या सुमारास इथल्या बेडर पाळेगाराकडून, म्हणजे स्थानिक सरदाराकडून, हे खोरं घेतलं. गुत्तीचे मुरारराव घोरपडे हे त्यांचे चिरंजीव. हैदरअलीनं १७७६ मध्ये गुत्ती घेतली आणि मुरारराव कैदेतच वारले. पुढं संडूर पुन्हा घोरपड्यांकडं आलं, पण त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा डोळा होता. १८१५ मध्ये तो कुमारस्वामीच्या यात्रेचं निमित्त करून फौजेसह निघाला. शिवराव घोरपड्यांनी वाटा अडवल्या आणि निरोप धाडला की दर्शनाला खुशाल या, पण मोजक्या माणसांनिशी. पेशव्याला तसंच जाऊन परतावं लागलं. मग १८१७ मध्ये त्यानं इंग्रजांकरवी त्यांच्या मन्रो नावाच्या अधिकाऱ्याला पाठवलं. शिवरावांनी न लढता संडूर सोडलं आणि १८१८ मध्ये, पेशवाईच बुडाल्यावर, ते त्यांना परत मिळालं. सुमारे १६० चौरस मैलांचं हे चिमुकलं राज्य १९४९ पर्यंत चाललं.

शेवटचे राजे यशवंतराव हिंदुराव घोरपडे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच संस्थानातली देवळं दलितांना खुली केली होती, म्हणजे त्रावणकोरच्या मंदिरप्रवेशाच्या गाजलेल्या फर्मानाच्याही आधी. गांधीजींचं येणं त्या निमित्तानं. यशवंतरावांचे चिरंजीव एम. वाय. घोरपडे पुढं कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि रानटी जनावरांचे फोटो काढणारे म्हणूनही नावाजले.

एवढं ऐकून गावात मराठी कानावर पडेल अशी आशा धरू नका. बाजारात कन्नड चालते, खालोखाल तेलुगू आणि उर्दू, तांड्यांवर लमाणी. आपल्या धारवाडी वळणाच्या कन्नडवर काम भागतं. ‘एल्लिंद बंद्री?’ (कुठून आलात?) असं विचारलं आणि तुम्ही ‘बेळगावी’ म्हणालात, की पुढचा प्रश्न कुंद्याचा असतो.

गावाजवळ कृष्णानगरचा जुना कोट आहे. तासाभरात बघून होतो, संध्याकाळच्या उन्हात जावं.

पहिल्या दिवसाचा उरलेला वेळ मात्र लमाणी भरतकामाला द्या. संडूर कुशल कला केंद्र ही संस्था इथल्या तांड्यांवरच्या बायकांकडून हे काम करून घेते आणि संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकनही आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची बैठक झाली तेव्हा साडेचारशेहून जास्त बायकांच्या हातच्या १,७५५ वस्तू मांडून विश्वविक्रम केला, तो याच केंद्रानं.

घाईनं पिशवी उचलून बाहेर पडू नका. काम करणाऱ्या बाईशेजारी पाच मिनिटं बसा. मी बसलो होतो त्या बाईंनी आरसा कापडावर ठेवला, त्यावर आधी उभे-आडवे चार दोरे ताणले, एखादं गाठोडं बांधावं तसे, आणि मग त्या चार दोऱ्यांत सुई अडकवत आरशाभोवती गोल फिरल्या. कापडाला भोक नाही, आरशाला चीक नाही. नजर माझ्याकडं, बोलणं शेजारणीशी आणि सुई आपली चालूच. टाक्यांची नावं विचारली तर बोटांवर मोजून सांगितली: किलन, वेले, बक्क्या, माकी, कान्स, तेरा डोरा, रेलो… आणि कौदी. शेवटच्या नावाला आमच्या मावशीचे कान टवकारले. आपण ज्याला वाकळ म्हणतो तिला कन्नडात कौदी म्हणतात. मग त्या दोघी अर्धा तास वाकळेच्या काठावर बोलत बसल्या, एक मोडक्या कन्नडात आणि दुसरी लमाणीत.

घासाघीस करू नका. किंमत पाटीवर असते आणि टाका मोजला तर ती कमीच वाटते.

दुसरा दिवस: कुमारस्वामीचा डोंगर

सकाळी सातच्या आत निघा. देवस्थान गावापासून दहा-बारा किलोमीटरवर डोंगरात आहे आणि नऊनंतर त्या बाजूला वाहनं वाढतात. ह्याच वाटेवर माझी फजिती झाली होती. फोनमधल्या नकाशानं जवळचा म्हणून दाखवलेला रस्ता एका खाणीच्या फाटकावर जाऊन संपला. राखणदारानं ‘इल्ली दारी इल्ला’ (इथं वाट नाही) म्हणून हात हलवला आणि अरुंद जागेत गाडी वळवताना मागं टिप्परांची रांग लागली. तेव्हा नकाशा बंद करा आणि गावातल्या चौकात माणसाला विचारा.

या डोंगराचं पोथीतलं नाव लोहाचल. कार्तिकेयानं तारकासुराला इथं मारलं अशी कथा आहे. लोखंडाच्या डोंगराला लोहाचल म्हणणाऱ्यांना पायाखाली काय आहे ते ठाऊक होतं, एवढं नक्की. तिथं दोन मुख्य देवळं आहेत: पार्वतीचं, बदामी चालुक्यांच्या काळातलं, आणि कुमारस्वामीचं, त्यानंतरचं. आपल्याकडं कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घेऊ नये म्हणतात, तीच प्रथा इथं कुमारस्वामीच्या देवळात पाळली जाते. बरोबर बायका असतील तर हे घरूनच सांगा, तिथं पायरीवर सांगायची वेळ आणू नका. पार्वतीचं देऊळ सगळ्यांना खुलं आहे आणि माझं विचाराल तर दगडकाम बघायला तेच सरस. इथं प्रसादाला विभूती देतात, ती याच डोंगरातल्या पांढऱ्या मातीची. सगळा डोंगर लाल आणि त्यातून निघणारी विभूती पांढरीशुभ्र, हे चिमटीत घेऊन बघण्यासारखं आहे.

कार्तिक महिन्यात गर्दी होते. एरवी पहाटे पुजारी, चार माकडं आणि तुम्ही.

खाण कशी बघायची

खाणीत शिरायचं नाही, हा पहिला नियम. पट्ट्याची हद्द खाजगी किंवा सरकारी असते, आजूबाजूला राखीव जंगल, आणि सुरुंग लावण्याच्या वेळा असतात. ड्रोन घरी ठेवा. पण रस्त्यावरून दिसतं तेवढं पुरे आहे, फक्त काय बघतोय ते कळायला हवं.

समोरच्या उतारावर प्रचंड पायऱ्या कापल्यासारख्या दिसतील. वरून खाली एकेक टप्पा खणत यायचं, म्हणून त्या पायऱ्या. खालच्या टप्प्यांवर झुडपं माजली असतील तर ती खाण बंद पडलेली. टप्पे ताजे, ओल्या जखमेसारखे लाल असतील तर चालू. पायथ्याला सुळक्यासारखे ढीग दिसतात ते टाकाऊ मुरुमाचे. पावसात ते वाहून ओढ्यात जातात, म्हणून त्यांच्याखाली दगडी बांध घालतात. ते बांध अभंग आहेत का, हे बघायची मला आता सवय लागलीय.

मँगनीज आधी सापडलं ते रामगडच्या बाजूला, एकोणिसाव्या शतकात. विसाव्याच्या सुरुवातीला एका बेल्जियन कंपनीनं खणायला घेतलं, १९५४ मध्ये घोरपड्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९७७ मध्ये दोणिमलैची सरकारी लोखंडाची खाण सुरू झाली. तोवर सगळं एका मापात होतं. २००३ नंतर चीनची मागणी वाढली, भाव कडाडले आणि ज्याच्याकडं फावडं तो खाणमालक झाला. शेतं खणली, जंगल खणलं, राज्याच्या हद्दीचे दगडसुद्धा हलवल्याचे आरोप झाले. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगड्यांचा अहवाल आला आणि त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयानं बळ्ळारीतली खाणकामं थांबवली. पुढं खाणींची अ, ब, क अशी विभागणी झाली: नियम पाळलेल्या, थोडी हद्द ओलांडलेल्या आणि सर्रास लूट केलेल्या. ‘क’ मधले पट्टे २०१३ मध्ये रद्द झाले.

चहाच्या टपरीवर हा विषय काढलात तर दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. ट्रक घेतलेल्याचे हप्ते थकले, तो एक सांगतो. विहिरीला पुन्हा पाणी आलं, ते दुसरा सांगतो. दोघं एकाच बाकावर बसलेले असतात. तुम्ही चहा प्या आणि ऐका, निकाल द्यायला जाऊ नका. वाद संपलेलाही नाही: देवदारी डोंगरावरच्या नव्या खाणीसाठी झाडं तोडायची की नाही, यावरून २०२४ मध्ये केंद्र आणि राज्यात चांगलीच जुंपली होती.

मुलं बरोबर असतील तर एक खेळ करा. घरून फरशीचा एक तुकडा न्या, मागची खरबरीत बाजू हवी. रस्त्याकडेला ट्रकमधून सांडलेले खडे पडलेले असतात. दोन्ही काळेच दिसतात आणि दोन्ही हातात अनपेक्षित जड लागतात. फरशीवर ओढले की लोखंडाचा खडा विटकरी-लाल रेघ मारतो आणि मँगनीजचा काळी. मँगनीज बोटांना काजळीसारखं लागतंही. खेळ झाला की खडे तिथंच टाका, पिशवीत भरू नका.

वेळ उरला तर

दुसऱ्या दुपारी दोन वाटा आहेत. रामगडला गेलात तर सुमारे हजार मीटर उंचीवर, बळ्ळारीच्या गोऱ्या शिपायांसाठी १८४० च्या दशकात वसवलेल्या हवापालटाच्या ठाण्याचे अवशेष दिसतात. रस्ता खराब, पाऊस पडत असेल तर जाऊच नका. दुसरी वाट दरोजीच्या अस्वल अभयारण्याची. दुपारनंतर मनोऱ्यावरून समोरच्या खडकाकडं बघत बसायचं. खडकाला गूळ-मधाचं सारण चोपडलेलं असतं आणि अस्वलं ते चाटायला उतरतात. दुर्बीण न्या, नाहीतर काळा ठिपका बघून परत याल. मी लहान मुलं असतील तर दरोजी सुचवेन, एरवी रामगड.

खाण्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. सकाळी चिरमुऱ्यांची वग्गरणी आणि मिरची, दुपारी जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी) आणि शेंगाचटणी, म्हणजे घरचंच. तिखट बेताचं सांगा.

बरोबर काय न्यायचं: साधा मास्क, दम्याचा त्रास असेल तर औषध नक्की, गडद रंगाचे कपडे, आणि गाडीच्या काचा पुसायला दोन जुनी फडकी. ट्रकांमागून जाताना काचा वर घ्या आणि एसीची बाहेरची हवा बंद करा. डोंगरात फोनची रेंज जाते, तेव्हा परतीचं तिकीट कागदावर छापून ठेवलेलं बरं.

घरी आल्यावर या दोन दिवसांचे कपडे बाकीच्या धुण्यात टाकू नका. आधी कोरडे झटका, मग नुसत्या गार पाण्यात वेगळे भिजवा. गरम पाणी आणि ब्लीच लावलं तर डाग पक्का बसतो. पहिलं पाणी विटकरी निघेल, दुसरं चहासारखं. राहिलेल्या डागाला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाकायचं. आजी लोंढ्यात हेच करायची.